तंटामुक्तीत समझोता झाला, सह्या झाल्या, तरी पाणी आमच्याच भिंतीवर. आता काय करू?

पाटणचा_गडी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण वाचून सांगा. गाव पाटण तालुक्यात, म्हणजे पाऊस कसला असतो ते सांगायला नको. मी चाकणला कंपनीत, घरी आई आणि दादा (वडील). शेजारी आमचीच भावकी, चुलत चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. दोन घरांच्या मधे अडीच-तीन फुटांचा बोळ आहे, तो नेमका कुणाचा हे आजवर कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. तात्यांचं आधी कौलारू होतं, पागोळ्या बोळात पडायच्या, पाणी मागं परड्याकडं वाहून जायचं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कौलं उतरवून पत्रा टाकला आणि तो चांगला दीडेक फूट पुढं काढला. आता पाऊस लागला की सगळं पाणी थेट आमच्या भिंतीच्या बुडाशी, आणि आमची ती बाजू अजून मातीचीच आहे. खालचा थर फुगलाय, एका कोपऱ्यात तर ढेकळंच निघून पडली.

दोन पावसाळे नुसती तोंडातोंडी झाली. मग गेल्या मे महिन्यात दादांनी गावच्या तंटामुक्ती समितीत अर्ज दिला. अध्यक्ष तात्यांच्या पॅनलचा माणूस, पण म्हटलं असू दे, गावातलं गावात मिटलेलं बरं. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली, पंधरा-वीस माणसं, चहा झाला, जुन्या आठवणी निघाल्या, तुमचे आजे एका ताटात जेवले वगैरे. शेवटी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलं की तात्यांनी पावसाच्या आधी पन्हळ लावायची, खर्च निम्मा-निम्मा, आणि इथून पुढं कुणी कुणाला बोलायचं नाही. दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, नारळ फुटला.

तात्यांनी पन्हळ लावली. पण खाली उतरायचा पाइपच लावला नाही! म्हणजे आधी पाणी वीस फुटांत पसरून पडायचं ते आता सगळं एकाच कोपऱ्यात धबधब्यासारखं पडतंय, आणि तो कोपरा आमचा. विचारलं तर म्हणतात, कागदात पन्हळ म्हटलंय, पाइप कुठं लिहिलाय दाखव. अध्यक्ष फोन उचलत नाही, उचलला तर म्हणतो आता दोघांनी समजुतीनं घ्या. अरे समजुतीनंच घ्यायचं होतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो.

पुढचा पाऊस महिन्यावर आलाय. या समितीच्या कागदाला काही किंमत आहे का? कोर्टात जावं का? दादा म्हणतात भावकीत कोर्ट नको. मला तर वाटायला लागलंय की असल्या समित्या म्हणजे निव्वळ चहापाणी.

सडेतोड

भाऊ, त्यात विचारायचं काय. वकील गाठायचा, नोटीस द्यायची, दिवाणी दावा ठोकायचा. गावातले पंच म्हणजे आपल्या माणसाचं झाकायचं आणि दुसऱ्याचं वाकून बघायचं. आणि तो अध्यक्ष फोन उचलत नसेल तर पुढच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर विचारा. नाहीतर गावालाच सांगा की तात्यांच्या घरी कुणी जायचं नाही, लग्नाकार्याला बोलवायचं नाही, महिन्यात सरळ होतील.

माजी_सचिव

सडेतोडराव, दावा ठोकायचा सल्ला सोपा आहे, तारखांना एसटीनं पाटणला कोण जाणार? म्हातारा माणूस जाणार. असो.

मी २००८ पासून तीन-साडेतीन वर्षं आमच्या गावच्या समितीचा सचिव होतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. ही मोहीम आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. कल्पना चांगलीच होती. बांध, वाटणी, शेतातली वाट, भावाभावाची मारामारी असल्या गोष्टी पोलिस ठाण्यात नि कोर्टात जायच्या आधी गावातच मिटाव्यात. ग्रामसभेतून समिती निवडायची, गावातल्या तंट्यांची नोंद वहीत करायची, मिटेल तसं खोडायचं. आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणं बक्षीस, लाखांत.

घोळ इथंच झाला. बक्षीस दिसलं की आम्हाला तंटा मिटवायची नाही, वहीत 'मिटला' लिहायची घाई झाली. तारीख जवळ आली की दोघांना बोलवायचं, खांद्यावर हात टाकायचा, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे म्हणायचं, सही घ्यायची. कुणी सही केली नाही तर तोच गावाचा वैरी. नंतर नंतर तर अध्यक्षपद म्हणजे पॅनलवाल्यांच्या वाटणीतलं एक पद झालं, सरपंच तुमचा तर तंटामुक्ती आमची. कित्येक गावात अध्यक्ष कोण यावरूनच ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या! तरीपण सगळं नाटक होतं असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ बोलायला लागलेले मी स्वतः पाहिलेत, पळून जाऊन लग्न करायला निघालेल्या पोरापोरींची लग्नं समितीनं गावासमोर लावून दिली ती टिकलीत.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्याकडं एका सामाईक विहिरीवर दोन भावांच्या पाण्याच्या पाळ्यांचा तंटा होता. मी मोठ्या हुशारीनं वार वाटून दिले, सोमवार ते बुधवार थोरल्याचे, गुरुवार ते शनिवार धाकट्याचे, रविवार एकाआड एक. टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांत कुऱ्हाडी निघायची वेळ आली. का, तर शेतीची थ्री फेज लाइट काही वार दिवसा नि काही वार रात्री असायची, आणि धाकट्याच्या वाट्याला सगळ्या रात्रीच आल्या. थंडीच्या दिवसात तो गडी रात्री दोनला उसाला पाणी देतोय आणि थोरला ऊन खात मोटर चालू करतोय. बैठकीत ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही कारण आम्ही बसलो होतो चावडीत, विहिरीवर कुणी गेलंच नव्हतं. मग वार काढून टाकले आणि लाइटच्या वेळापत्रकावर पाळ्या लावल्या, दर आठवड्याला अदलाबदल. ते चालतंय अजून.

तुमच्या कागदात तेच झालंय. तुमच्या पंचांनी त्या बोळात उभं राहून पत्र्याकडं वर बघितलं असतं तर पाइप राहिलाच नसता. पन्हळ कितीची, उतार कुठल्या बाजूला, पाइप किती इंची, पाणी शेवटी सोडायचं कुठं, सामान कोण आणणार, गवंडी की फॅब्रिकेटर, पैसे आधी का नंतर, हे सगळं लिहावं लागतं. 'इथून पुढं बोलायचं नाही' हे वाक्य मात्र आमच्याही प्रत्येक कागदात असायचं. त्या वाक्यानं सगळ्यात जास्त वाटोळं केलं असं मला आता वाटतं, कारण एखादी गोष्ट राहिली तर ती बोलायचीच चोरी.

समितीला परत बोलवा, पण देवळात नाही, बोळात. अध्यक्ष येत नसेल तर पंचांपैकी ज्याला दोन्ही घरं मानतात असा एक म्हातारा धरा, दोरी नि टेप घेऊन या. आणि कागदात असं लिहा की पहिला मोठा पाऊस झाला की आठ दिवसांत सगळ्यांनी परत तिथंच उभं राहून बघायचं.

वकीलबाई

आधी सडेतोड यांना. तात्यांवर बहिष्कार टाकायचा सल्ला चुकूनही मनावर घेऊ नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्यांच्या भिंतीचं नुकसान झालंय तेच आरोपी होऊन बसतील. गावची समिती आणि जातपंचायत यात फरक आहे तो इथंच, समिती समजूत घालू शकते, शिक्षा करू शकत नाही, दंडही लावू शकत नाही.

मूळ प्रश्न. समितीसमोरचा तुमचा कागद हा दोघांमधला लेखी करार म्हणून पुरावा आहे, अगदीच रद्दी नाही. पण तो कोर्टाचा हुकूमनामा नाही, त्यामुळं त्यावर थेट दरखास्त लावून अंमलबजावणी मागता येत नाही, आधी दावा करावा लागेल. लोक इथंच फसतात, स्टॅम्प पेपर नि नोटरीचा शिक्का दिसला की वाटतं आता हे कोर्टासारखंच झालं.

२०२३ चा मध्यस्थीचा केंद्रीय कायदा आलाय त्यात शेजारपाजारच्या, वस्तीतल्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थी असं वेगळं प्रकरणच आहे. दोन्ही बाजूंची आधी संमती हवी, तीन मध्यस्थांचं पॅनल. पण त्यातला समझोतासुद्धा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही असं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय, उद्देश फक्त परिसरात शांतता राहावी एवढाच. मला स्वतःला हे थोडं अर्धवट वाटतं, पण दुसरी बाजू अशी की बजावणीचा धाक आला की लोक सही करतानाच वकील घेऊन येतात, मग ती मध्यस्थी कसली.

तुम्हाला धाक असलेला कागद हवा असेल तर मधला रस्ता आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथं दावा न करता, दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या, कोर्ट फी नाही. ते तात्यांना नोटीस काढतील. दोघं लोकअदालतीत येऊन तयार झाले तर तिथला निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरला जातो आणि त्यावर अपील नाही. मग पाइप नाही लावला तर दरखास्त टाकता येते. अडचण एकच, तात्या आलेच नाहीत तर कुणी जबरदस्ती करू शकत नाही. १५१०० या हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या.

आणि पागोळ्यांबद्दल. पाणी वीस वर्षं तुमच्या बाजूला बिनतक्रार पडत असेल तर तात्या वहिवाटीचा हक्क सांगू शकतात, सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा आहे. पण कौलाच्या पागोळ्या वेगळ्या आणि दीड फूट पुढं काढलेला पत्रा वेगळा, जुन्या हक्काच्या नावाखाली दुसऱ्यावरचं ओझं वाढवता येत नाही. बोळ कुणाचा ते बघायला गावठाणात सातबारा नसतो हे लक्षात घ्या, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर फक्त घरपट्टीपुरती नोंद असते. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजलं असेल तर मालमत्ता पत्रकाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. मात्र एक सांगते, नकाशा काढून आणला की पुढची बैठक पाण्याची न राहता जागेची होते. गरज नसेल तर तो विषय उकरू नका.

तिसरा_मजला

आम्ही डोंबिवलीत, विषय वेगळा पण दुखणं तेच. आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या बेडरूममध्ये लीकेज. म्हणजे ते म्हणायचे आमच्यातून, आम्ही म्हणायचो कॉमन पाइपमधून. सोसायटीच्या तक्रार निवारण कमिटीच्या चार मीटिंगा झाल्या, प्रत्येक मीटिंगमध्ये २०११ साली कुणी कुणाच्या गाडीवर ओरखडा काढला इथपासून सुरुवात. शेवटी एक रिटायर्ड आजोबा, आयुष्यभर साइटवर काढलेली, ते म्हणाले भांडताय कशाला, ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवा दोन दिवस आणि खालच्यांनी बघत बसा. रंग टाकला पाण्यात. दुसऱ्या दिवशी खालच्या सिलिंगवर गुलाबी डाग! आमचंच निघालं. वॉटरप्रूफिंगचा खर्च मी मुकाट्यानं केला, बोलायला जागाच राहिली नाही. तेव्हा तुम्ही पण बादल्या घेऊन पत्र्यावर पाणी ओता पंचांसमोर, पावसाची वाट कशाला बघता.

माहेर_कागल

सगळ्यांनी छान लिहिलंय पण मला एक साधी गोष्ट विचारायचीय. त्या देवळातल्या बैठकीला पंधरा-वीस माणसं होती म्हणालात, त्यात तुमच्या आई होत्या का? आणि तात्यांच्या घरच्या काकी? कारण तुम्ही चाकणला, दादा नि तात्या दिवसभर रानात, त्या बोळात चोवीस तास कोण असतं? धुणं, भांडी, कोंबड्या, जळण, सगळं तिथंच.

आमच्या सासरी असाच तंटा मिटवला होता, सांडपाण्याचा. पुरुषमाणसं बसली, ठरलं की न्हाणीचं पाणी अमुक बाजूला काढायचं. आम्हा दोघी जावांना कुणी विचारलं नाही की त्या बाजूला चढ आहे म्हणून. पाणी काय पंचांचं ऐकून चढ चढणार होतं? चार महिने मी बादलीनं पाणी उपसून टाकलंय, मग एक दिवस वैतागून जुन्याच बाजूला सोडलं, झालं, समझोता मोडला म्हणून माझ्या नावानं शंख. मी कुठं सही केली होती!

पाइप लावला नाही त्याच्या मागं काहीतरी असणार. दोन-तीनशे रुपयाच्या पाइपासाठी माणूस भावकीत तोंड लपवत फिरत नाही. आईंना विचारा. फोनवर नको, समोर बसून.

वकीलबाई

कागल ताईंनी मुद्दा नेमका पकडला. मी वर लिहायचं विसरले, २०२३ च्या कायद्यात मध्यस्थांचं पॅनल नेमताना बायकांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करावा असं म्हटलंय. पण पॅनलवर बाई असणं आणि जिचं भांडण आहे ती समोर बसलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

पाटणचा_गडी

शनिवारी गावी जाऊन आलो. कागल ताई, तुम्हाला साष्टांग.

आईला विचारलं तर आधी काही नाही काही नाही, मग चुलीपुढं बसून हळूहळू निघालं. आमच्या परड्याला बोळाच्या टोकाला एक छोटं फाटक आहे, काकी वर्षानुवर्षं तिथनंच नळाला जायच्या. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या कोंबड्यांनी आईच्या वाळत घातलेल्या कुरडया विस्कटल्या, आईनं रागानं फाटकाला कुलूप लावलं. आता काकींना हंडा घेऊन पूर्ण आळीला वळसा घालून यावं लागतं, त्यांचा गुडघा दुखतो. दादांना हे माहीतच नाही, मला नाही, पंचांना तर कुठनं असणार. आणि पाइप लावायचा म्हटला तर तो नेमका त्या फाटकाजवळ उतरतो. काकींनी तात्यांना म्हणे सांगितलं होतं, त्यांचं फाटक उघडू दे मग आपला पाइप. तात्या हे देवळात कसं सांगणार, बायकोच्या हंड्यासाठी अडून बसलोय म्हणून? म्हणून ते 'कागदात कुठं लिहिलंय'.

मी लगेच शहाणपणा केला, आईला म्हटलं कुलूप काढ. तर म्हणाली, मी का काढू, आधी तिनं कोंबड्यांचं बोलावं. म्हणजे परत तिथंच. मग माजी सचिवांचं ऐकलं, पंचांपैकी जे सगळ्यात म्हातारे आबा आहेत त्यांना घेऊन बोळात गेलो, आणि त्यांच्या घरच्या आजींना पण सोबत आणलं. आजी दोघींना घेऊन परड्यात गेल्या, आम्हाला म्हणाल्या तुम्ही वर पत्र्याकडं बघा. आत काय बोलणं झालं ते मला आजवर कळलेलं नाही. अर्ध्या तासानं कुलूप निघालं होतं आणि आई म्हणाली चहा टाकते.

नवा कागद केलाय, साध्या वहीच्या पानावर. चार इंची पाइप, पाणी परड्यामागच्या ओघळीत सोडायचं, फाटक दिवसभर उघडं, कुरडया-पापड वाळत असतील त्या दिवसात कोंबड्या डालून ठेवायच्या. या वेळी सह्या चार, आईचा नि काकींचा अंगठा नाही, सही. तिसरा मजला भाऊ, बादल्या ओतून बघितल्या, चार बादल्यातच कळलं की पन्हळीचा उतारच उलटा लावलाय, फॅब्रिकेटरला परत बोलवलंय.

सडेतोड

बरं झालं. तरी वकीलबाई म्हणतात तसं लोकअदालतीतनं पक्कं करून घ्या, उद्या तात्या फिरले तर?

माजी_सचिव

सडेतोडरावांचं एकदम चूक नाही. पण माझं मत असं की हा पावसाळा जाऊ द्या. आता लगेच नोटीस गेली तर फाटकाला परत कुलूप बसेल. भिंतीचे आत्ताच फोटो काढून ठेवा, तारखेसकट, ते कुणाला दाखवायची गरज नाही. आणि जुन्या खर्चाचा निम्मा हिस्सा तुम्ही दिला होता का? ते कागदात होतं की.

पाटणचा_गडी

हां, ते राहिलंय. दादा म्हणाले होते पाइप लागला की देतो. म्हणजे आमच्याकडनं पण कागद मोडलेलाच होता की. उद्या तात्यांना पाठवतो.

माहेर_कागल

पाठवू नका, काकींच्या हातात द्या.

पाटणचा_गडी

अपडेट, जून. परवा मृगाचा पहिला दणका झाला. आईचा व्हिडिओ कॉल, बोळात छत्री घेऊन उभी, मागं काकी. पाइपातनं पाणी व्यवस्थित ओघळीत जातंय. कोपऱ्यावरच्या जॉइंटमधून थोडं उडतंय अजून, एम-सील लावलं तर टिकेल का पावसाळाभर, का सोल्युशन लावून परत बसवावा लागेल? कुणी सांगा.

तिसरा_मजला

ओल्यावर एम-सील धरत नाही. दोन दिवस उघडीप मिळाली की जॉइंट सोडवा, पुसून कोरडा करा, सोल्युशन लावून बसवा आणि वर एक क्लॅम्प मारा भिंतीला. कुणाच्या भिंतीला ते मात्र आधी ठरवा!